उधव्याच्या रस्त्यावरची भरलेली बंदूक

ती दुपार आठवली की अजूनही मन थाऱ्यावर राहत नाही. निवडणूक जाहीर झाली होती आणि परवानाधारकांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घ्यायचं काम चालू होतं. मी तेव्हा तलासरी ठाण्यात फौजदार होतो. डहाणूकडच्या एका बाईचा फोन आला.

"साहेब, आमचे हे बंदूक घेऊन उधव्याला निघालेत. पांढरी जीप आहे. मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका."

डायरीत नोंद करून मी आमच्या हद्दीतल्या उधव्याच्या रस्त्यावर नाकाबंदी लावली. तासाभरात जीप आली. साठीचा शेतकरी, एकटाच. मागच्या सीटखाली गोधडीत गुंडाळलेली एकनळी बंदूक. पीक संरक्षणाचा परवाना त्यानं न मागता पुढे केला. मुदतीत होता.

"जमा करायला चाललोय, साहेब."

"तुमचं ठाणं डहाणूला. इकडे कुठे?"

"आधी भावाला भेटतो. मग जातो."

पटण्यासारखं होतं. मी बंदूक उघडली. नळीत काडतूस होतं.

ठाण्यात आणून चहा दिला. त्यानं कपाला हात लावला नाही.

"काका, जमा करायची बंदूक कुणी भरून नेतं का?"

त्यानं कप बाजूला सारला. "वाडीतली चिकूची झाडं तोडली धाकट्या भावानं. बापानं लावलेली. मला विचारलंसुद्धा नाही."

पंचनामा झाला, बंदूक जप्त केली, गुन्हा नोंदवला. पुढे परवानाही रद्द झाला. संध्याकाळी त्याची बायको आली. तिच्यासमोरच त्यानं विचारलं, "साहेब, खबर कुणी दिली?"

तिचा चेहरा उतरला.

"निवडणुकीची नाकाबंदी आहे. सगळ्याच गाड्या तपासतो," मी म्हणालो.

भाऊ वाचला. तरी एक गोष्ट छळते. बंदूक रिकामी, बंद केसमध्ये आणि काडतुसं वेगळी असती, तर परवाना बघून मला त्याला सोडावंच लागलं असतं. तोवर बंदूक अशीच न्यायची हा नियम मी लोकांना कारवाईची भीती घालून सांगत असे. नंतर सांगू लागलो, की केस उघडून बंदूक भरेपर्यंत दोन-चार मिनिटं जातात आणि रागावलेल्या माणसाला तेवढी मिळायला हवीत. त्या माणसाला ती पुरली असती का, हे मला आजही सांगता येत नाही.