माळ्याची साक्ष

माळ्याला वस्तीत सगळे 'वकील' म्हणत. बागेतल्या झाडांपेक्षा त्याच्या जिभेलाच जास्त पालवी फुटायची, म्हणून. नळावरचं भांडण असो की जावाजावांची कुरबुर, वकील मध्ये पडला की दोन्ही बाजू हसत घरी जायच्या. त्यामुळे तळ्यांच्या नव्या कायद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला सरकारी समिती येणार असं कळलं, तेव्हा वस्तीनं परस्पर ठरवूनच टाकलं, "आपल्या वतीनं वकील बोलणार."

कायदा अजून मंजूर व्हायचा होता. झाला तर तळी राखायला सरकारी निधी मिळणार होता आणि काठाकाठानं सगळ्यांसाठी पायवाट होणार होती. तळं वस्तीच्या नाकासमोर, पण पाण्याशी जायचं तर बंगल्यांची कुंपणं आडवी. त्यातलं सगळ्यात दाट काटेरी कुंपण, तो कामाला होता त्या बंगल्याचं, वकिलानंच लावलं होतं. मांजरसुद्धा शिरणार नाही, असं तो मिशीला पीळ देत सांगायचा.

त्याच्या बापानं हयातभर याच तळ्यात जाळी टाकली. म्हातारी आई अजून होती, पण तिचे गुडघे गेले होते. "एकदा पाण्यात पाय बुडवू दे रे," हा तिचा एकच धोशा. तळ्याच्या पलीकडचा मोकळा, खडकाळ उतार तिला झेपणारा नव्हता. बंगल्याच्या हिरवळीवरून मात्र ती सहज गेली असती.

सभेच्या आदल्या दिवशी मालकीणबाई बागेत आल्या. धमकी वगैरे काही नाही. गुलाब न्याहाळत म्हणाल्या, "पायवाट झाली तर आम्ही बंगला विकूनच टाकू. नव्या मालकाला माळी हवा असेल की नाही, कोण जाणे. तुमचं बोलणं लोक ऐकतात म्हणे."

शाळेच्या सभागृहात वकील उभा राहिला. आईची जुनी मैत्रीण, शेजारची मावशी, मागून ओरडली, "होऊन जाऊ दे, वकील!" आणि त्यानं तोंड उघडलं. काठ निसरडा आहे, म्हणाला. मोकळा केला तर कचरा होईल, पक्षी उडून जातील. समितीचे साहेब नुसतेच माना डोलवत होते, लिहून काही घेत नव्हते. तेव्हा त्यानं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, की तिथं एक पोर बुडत होतं आणि आपणच त्याला केसांना धरून बाहेर ओढलं. असलं काही घडलंच नव्हतं. साहेबांनी ते लिहून घेतलं. वस्तीतल्या कुणीही त्याला खोटं पाडलं नाही. आपल्या माणसाला भरसभेत तोंडघशी कसं पाडायचं! त्यांच्या त्या गप्प बसण्यानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कायद्याचा मसुदा सुधारून आला. निधी होता, पायवाटही होती, फक्त बंगल्यांची बाजू धोक्याची म्हणून वगळली होती. मालकीणबाई खूश झाल्या. "आईंना हवं तेव्हा आणा पाण्यावर," म्हणाल्या. "फक्त त्यांनाच हं."

रविवारी तो आईला हिरवळीवरून घेऊन गेला. तिनं पाण्यात पाय सोडले आणि लहान पोरीसारखी खिदळली. सभेला ती गेलीच नव्हती. लेकानं कायदा करून घेतला, एवढंच तिच्या डोक्यात. तेवढ्यात तिला फाटकाबाहेर मावशी दिसली.

"अगं, ये की! माझ्या लेकानं मोकळं केलंय सगळं!"

मावशीनं वकिलाकडे बघितलं. "नको गं," ती ओरडून म्हणाली, "आज जरा अंग मोडून आलंय. तू बस निवांत."

"बघतोस काय? हाताला धरून आण तिला," आई म्हणाली.

तो फाटकाशी गेला. वर गच्चीत मालकीणबाई चहा पीत होत्या. एरवी शब्दाला शब्द जोडणाऱ्या वकिलाच्या तोंडून "मावशी..." याच्यापुढे काही निघेना.

"जा रे, आई एकटी आहे," मावशी हळूच म्हणाली. त्यानं मान खाली घालून आतून कडी लावली.

"तिला खरंच बरं नाही," त्यानं आईला सांगितलं.

"मग असा कसा आलास? घरापर्यंत पोचवून ये की तिला. तिच्यासाठी एवढंही करणार नाहीस?"

वकील जागचा हलला नाही. त्याला आईकडे बघवेना, आणि फाटकाकडे तर मुळीच बघवेना.