अळणी श्रावण

देवाबद्दल मला कधी शंका आली नाही. शंका आली ती पोटच्या पोरीबद्दल. हे लिहायला लाज वाटते, पण सुरुवात इथूनच करायला हवी, नाहीतर पुढं जे सांगणार आहे त्याला काही अर्थ राहत नाही. मी सोलापुरातल्या एका शाळेत तेहतीस वर्षं पी.टी. शिकवली. गळ्यात शिट्टी आणि समोर उन्हात रांगेनं उभी पोरं, असा माझा जन्म गेला. प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडणारी पोरं मी रग्गड बघितली. त्यातली निम्मी सोंगं करतात असं माझं पक्कं मत होतं, आणि ती निम्मी कुठली हे आपल्याला लांबूनच कळतं असा ताठाही होता. पोरं मला घाबरायची, आणि मी त्यालाच शिस्त म्हणायचो.

भाग्या आमची एकुलती एक. पतपेढीत नोकरीला होती. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटवरून सकाळी स्कूटी काढायची ती वाऱ्यासारखी. दोन वर्षांमागं तिला ताप आला. साधाच, आठवडाभराचा. ताप गेला, पण पोरगी काही उठेना. अंघोळ करून आली की तासभर आडवी. केस विंचरता विंचरता हात गळून खाली यायचे. उभी राहिली की डोळ्यांपुढं अंधारी, छातीत धडधड. आणि एवढं थकून झोप म्हणाल तर डोळ्याला डोळा नाही. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, सगळं नॉर्मल आलं. त्या 'नॉर्मल' शब्दानं मला फारच जोर चढला. बायको म्हणायची, "अहो, दुखणं येतं हत्तीच्या पावलानं अन् जातं मुंगीच्या. जरा दमानं घ्या की." मी म्हणायचो, तुझ्या दमानंच ती लोळायला शिकली.

मग मी माझ्या पद्धतीनं इलाज सुरू केला. पहाटे पाचला उठायचं, उपाशीपोटी चार तांबे पाणी प्यायचं आणि कॉलनीच्या बागेला तीन फेऱ्या मारायच्या. दिवसा अंग मोडलं की रात्री झोप आपोआप लागते, असा माझा सिद्धांत. एखाद्या दिवशी ती तिन्ही फेऱ्या मारायची आणि पुढचे तीन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. त्या तीन दिवसांत मी तिला ऐकवायचो, परवा जमलं ते आज का जमत नाही? पहाटे हाका मारून उठली नाही की दारात उभा राहून मोठ्यानं म्हणायचो, झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही! ती उठायची. भिंतीला धरत धरत बाथरूमकडं जायची. मला वाटायचं, बघा, जमतंय की.

याच सुमारास माझं बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी मला मीठ कमी करायला सांगितलं. एका घरात दोन प्रकारचा स्वयंपाक कोण करणार, म्हणून सगळ्यांचीच आमटी फिकी झाली. त्यातच श्रावण आला. आम्ही लिंगायत, शिवभक्त माणसं. माझ्या आईपासून आमच्याकडं श्रावणी सोमवार अळणी, म्हणजे त्या दिवशी मीठ म्हणून पोटात जायचं नाही. मी त्याच्याही पुढं गेलो. सिद्धेश्वराला बोललो, महिनाभर आम्ही बापलेक अळणी जेवतो, दर सोमवारी दिवसभर उपास करून सात रस्ता चौकापासून पायी तुझ्या दारी येतो, तू एवढी पोर उभी कर. भाग्या म्हणाली, "अप्पा, मला नाही जमणार." मी विचारलं, "देवावर भरवसा नाही का तुझा?" बायकोनं एकदा चोरून तिच्या भाकरीवर मीठ भुरभुरलं, ते मी बघितलं आणि ताट बाजूला सारलं. तुझ्यामुळं पोरीचं व्रत मोडेल, असं बायकोला बोललो.

तिसऱ्या सोमवारी पाऊस उघडला होता आणि ऊन नुसतं भाजत होतं. देवळाच्या तळ्याच्या कडेनं दर्शनाची रांग मुंगीच्या चालीनं सरकत होती. भाग्या म्हणाली, "अप्पा, बसते मी." मी म्हणालो, "देवाच्या रांगेत बसतात होय? पाचच मिनिटं." पाच मिनिटं पण झाली नसतील. तिनं माझी बाही धरायला हात पुढं केला आणि खाली कोसळली. आता खरं तेच सांगतो. माझी पोटची पोर फरशीवर पडली होती, तोंड पांढरंफटक, ओठ कोरडे, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही त्या निम्म्यांतली. क्षणभर मी वाकलोसुद्धा नाही.

वाकली ती मागच्या रांगेतली एक बाई. पन्नाशीची असेल. विटकं पातळ, केसांत सुताचा भुसा अडकलेला, पाय सुजलेले. यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला होती आणि रात्रपाळी करून तशीच दर्शनाला आलेली, हे तिच्या बोलण्यातून नंतर कळलं. बोलण्याचा हेल आपल्याकडच्या तेलुगू माणसांचा. तिनं कुणाला काही विचारलं नाही. भाग्याला ओढून सावलीत आडवं केलं, स्वतः फतकल मारून बसली, पोरीचे दोन्ही पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले आणि पिशवीतून कोल्ड्रिंकची जुनी बाटली काढली. "लिंबू, मीठ, साखर हाय," ती म्हणाली. "आमच्यात मागावर माणसं अशीच पडतात, अण्णा. घामानं अंगातलं मीठ जातंय की."

मी तिचं मनगट धरलं. हो, मीच. "बाई, अळणी व्रत आहे आमचं. मीठ चालत नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. "व्रत कुणाचं? तुमचं का हिचं?"

"दोघांचं."

मग तिनं माझ्याशी बोलणंच सोडलं. भाग्याच्या कानाशी वाकून तिनं विचारलं, "अम्मा, तुला पायजे का?"

आजारी पडल्यापासून या पोरीला तुला काय पाहिजे असं मी एकदाही विचारलं नव्हतं. भाग्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. शुद्ध धड आलेली नव्हती, पण घोटभर पाण्यासाठी ती बापाची परवानगी मागत होती. अहो, मी तिला कसली शिस्त लावली होती! माझा हात त्या बाईच्या मनगटावरून सुटला. मी सोडला असं म्हणायला जीभ रेटत नाही. तेहतीस वर्षं न सुटलेला हात तो, कुणीतरी सोडवला एवढंच मला सांगता येतं. भाग्या म्हणाली, "पाहिजे."

घोट घोट करत तिनं अर्धी बाटली संपवली. बाई मधेमधे म्हणत होती, "सावकाश, अम्मा, कुटं पळून जातंय व्हय पाणी?" पाव तासानं पोरीच्या ओठांवर रंग आला. मी काहीतरी बोलायचं म्हणून व्रत मोडलं असं पुटपुटलो, तर बाई हसली. "त्याला मी सांगते आत जाऊन. राग आला तर माझ्यावर येऊ दे." मी रिक्षा आणायला गेलो. परत आलो तोवर बाई पुढं निघून गेली होती आणि भाग्याजवळ ती उरलेली बाटली तेवढी होती. नाव विचारायचं मला सुचलं नाही. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी दर्शन न घेता परतलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही नव्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. मी सांगायला सुरुवात केली तर त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही काका, ती बोलेल." त्यांनी भाग्याचं प्रेशर आधी झोपवून बघितलं, मग उभं करून. उभं राहिल्यावर नाडीचे ठोके कुठल्या कुठं चढले. रक्तातलं सोडियम कमी निघालं. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. तापानंतर काही जणांना हा थकवा चिकटून राहतो, हा आळस नव्हे. अशा शरीराला रेटलं की ते आणखी खचतं. पाणी आणि मीठ दोन्ही तिच्या मापानं लागतं. नुसतं पाणी तांब्यांनी ओतून आणि वरून मीठ तोडून आम्ही नेमकं उलटं केलं होतं. तुमच्या बीपीला मीठ कमी आणि हिला जास्त, घरात पानं दोन वेगळी वाढा, असं त्यांनी बजावलं. मग झोपेचं विचारलं. भाग्या म्हणाली, "रात्रभर टक्क जागी असते. पहाटे चार-साडेचारला डोळा लागतो."

"आणि उठतेस किती वाजता?"

भाग्यानं माझ्याकडं बघितलं. शेवटी मीच म्हणालो, "पाचला."

रिक्षात मी तिला विचारलं, हे आधी का सांगितलं नाहीस? ती बाहेर बघत म्हणाली, "सांगितलं होतं, अप्पा. दोनदा." मी आठवून आठवून थकलो. मला त्यातलं एकदाचंही आठवत नाही.

आता तिच्या ताटात मिठाची छोटी वाटी असते, उशाशी डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाचं मीठ-साखरेचं पाणी. उठायच्या आधी ती ते पिते, थोडी बसते, मग पाय खाली सोडते. संध्याकाळनंतर घरात टीव्ही लागत नाही. कधी रात्री एकला झोप लागते, कधी अजूनही लागत नाही. सकाळी तिला कुणी उठवत नाही. पूजेतली घंटा मी बंद केली आहे. पोर बरी झाली असं नाही, पण चक्कर येऊन पडत नाही आणि आठवड्यातून एखाद-दोन दिवस खिडकीशी खुर्ची टाकून बसते. त्या बाईला शोधायला मी पुढचे कितीतरी सोमवार तळ्याकाठी उभा राहिलो. दिसली नाही. बायको म्हणते, सिद्धेश्वरच आला होता. मी वाद घालत नाही. पण माझ्या डोळ्यांपुढं येतो तो तिच्या केसांतला सुताचा भुसा आणि रात्रभर उभं राहून सुजलेले पाय, आणि त्यांनाच मी रोज हात जोडतो. पोर माझ्या हुकमानं उभी राहावी असं मी देवाकडं जे मागत होतो ते त्यानं दिलं नाही याचे उपकार मानावेत तेवढे थोडेच.

मध्यंतरी एका दुपारी मनाचा हिय्या करून भाग्याच्या पलंगाशी जाऊन बसलो. काय बोलायचं ते चार दिवस घोकलं होतं. भाग्या, मला तुझ्याशी बोलायचंय, एवढंच म्हणालो तर तिनं डोळ्यांवरचा हात न काढता सांगितलं, "कळलं अप्पा काय ते. पण आज नको. तुम्ही रडाल, आणि तुमची समजूत काढायला माझ्यात आज ताकद नाही."

मला आधी राग आला. जुनी खोड, ती जाते कुठं! एवढा बाप माफी मागायला आलाय आणि ही नको म्हणते. बाहेर येऊन बाल्कनीत बसलो, तेव्हा हळूहळू उमगलं, की माफीसुद्धा मला माझ्याच शिट्टीवर हवी होती. रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन शरण शरण म्हणत आलो, पण शरण जायचं म्हणजे आपली वेळ सोडायची असते, हे या वयात पोरीनं शिकवलं. मग परत आत जाऊन तिला एवढंच म्हणालो, तुला बरं वाटेल त्या दिवशी हाक मार, मी आहे.

अजून तिनं हाक मारलेली नाही.