फक्त इथेच चालेल

माणूस जातो, त्याचं काम मागे उरतं. आमच्या ऑफिसात हे शब्दशः खरं होतं, कारण ते काम बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे गृहस्थ दिवाळीनंतर अचानक वारले. धायरीहून स्कूटरने यायचे आणि रहदारीला शिव्या देत सगळ्यांच्या आधी पोहोचायचे. त्यांनी लिहिलेली एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, सर्व्हरवर रोज सकाळी चालायची. बॅकअप नीट झाला का ते तपासायची आणि त्यांच्या नावानं सगळ्यांना मेल पाठवायची: 'सगळं ठीक आहे. कामाला लागा.' ते गेल्यावरही मेल येत राहिला. शोकसभेच्या दिवशीसुद्धा आला. आधी तो आला की माझ्या अंगावर काटा यायचा. पुढे पुढे, मेलला उशीर झाला की काटा यायचा.

मग सर्व्हर बदलायचं ठरलं. प्रत्येक स्क्रिप्ट आधी एका तपासनीस प्रोग्रॅममधून जाणार. जी ओळ फक्त जुन्या मशीनवर चालेल, ती तो दाखवणार. त्यांच्या स्क्रिप्टची पहिली ओळ मोठ्या ऐटीत सांगत होती की ही कुठेही चालेल. खाली जवळजवळ प्रत्येक ओळीवर तपासनिसाचा शेरा होता: इतरत्र चालणार नाही. जुन्या मशीननं इतकी वर्षं ही थाप पोटात घातली होती.

"काढून टाका हो ती," साहेब म्हणाले. "नवी सिस्टीम स्वतःच कळवते."

"मेल बंद होईल."

"मग? श्रद्धांजली वाहिली ना आपण?"

तो मेल मला हवा होता. का, ते मीटिंगमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. मी दुरुस्ती करायला घेतली. फक्त जुन्या मशीनला कळणारे दुहेरी कंस एकेरी केले, त्यांच्या आवडत्या पळवाटा सरळ केल्या, एकेक लकब खोडत गेलो. मध्येच त्यांची टीप लागली: 'हात लावू नये. लावल्यास स्वतः निस्तरावे.' मी दचकून शेजारी पाहिलं. रिकामी खुर्ची माझ्याकडे तोंड करून होती. बहुधा सफाईवाल्यांनी वळवली असावी. तपासनीस टिपा वाचत नाही, म्हणून ती तशीच राहिली.

अखेर तपासनीस गप्प झाला. फाइलमध्ये त्यांचं म्हणून काय उरलं, हे तपासायची सोय त्यात नाही.

सोमवारी नव्या मशीनवरून मेल आला. त्यांच्याच नावानं, त्याच शब्दांत. मी साहेबांकडे गेलो. "आला बघा."

"कुठला?"

त्यांनी बराच वेळ शोधला. स्पॅममध्ये सापडला. मग मी बाकीच्यांना विचारलं. सगळ्यांनी तो, पाठवणारे हयात असतानाच, तिथे टाकला होता.