थिएटरातले कांदेपोहे

इंग्लंडात वाढलेल्या मुलीला स्थळ नाकारल्यावर "का नको?" असं विचारू नये, कारण ती उत्तर देते. आमच्या मुलीनं एकाला तो वेटरशी उर्मटपणे बोलला म्हणून नाकारलं आणि पुढच्याला तो वेटरशी फारच गोड बोलला म्हणून. तिनं तिशी ओलांडायच्या आत हे एकदाचं मार्गी लागावं, एवढीच माझी इच्छा होती आणि ती मी कुणापासून लपवतही नव्हते. कॉव्हेंट्रीच्या आमच्या मंडळात तिच्या वयाच्या मुलींच्या आया आता पर्समध्ये नातवंडांचे फोटो घेऊन यायच्या. मी गणपतीची आरती संपली की भांडी घासायचं निमित्त करून स्वयंपाकघरात पळायची.

अशात मंडळातल्या एका काकूंनी बेसिंगस्टोकचा मुलगा सुचवला. मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, निर्व्यसनी. शिवाय दहावीला बोर्डात आलेला, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मुलगी म्हणाली, भेटते, पण घरी नाही. तिच्या लाडक्या जपानी मालिकेची पुढची गोष्ट सांगणारा सिनेमा आला होता आणि बर्मिंगहॅमच्या एका छोट्या थिएटरात त्याचा एकच खेळ होता. मुलानं तो सिनेमा तिच्या शेजारी बसून बघायचा, मग पुढचं बोलू.

ही मालिका म्हणजे माझी सवतच होती. आमचे हे भूल देणारे डॉक्टर. दिवसभर लोकांना झोपवून घरी आले की कुठल्याही सिनेमासमोर स्वतः झोपणार. पण शाळेत असताना मुलीनं ती जपानी कार्टून आणली आणि हा माणूस टक्क जागा राहायला लागला. दर शनिवारी संध्याकाळी बापलेक सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचे. मी ट्रे घेऊन आत गेले की दोघं माना वाकड्या करून माझ्या पलीकडचा टीव्ही बघायचे. मी एकदोनदा विचारलं, काय चाललंय? दोघंही म्हणाले, आता मधूनच कसं सांगणार. मीही कानाला खडा लावला आणि पुन्हा विचारलं नाही. मुलगी नोकरीसाठी लेस्टरला राहायला गेल्यावर सोफ्यावर जागाच जागा झाली, पण तोवर मला स्वयंपाकघरातल्या रेडिओची सवय लागली होती.

सिनेमाची अट काकूंनी मुलाला कळवली आणि मुलानं तेच केलं, जे बोर्डात आलेला मुलगा करतो. ऑफिसमधल्या कुणाकडून सगळ्या डीव्हीडी मिळवल्या आणि अभ्यासाला बसला. एका रात्री त्याचा मला फोन आला. अत्यंत नम्रपणे म्हणाला, "काकू, पोर्शन बराच मोठा आहे. साधारण कशावर भर देऊ?" मला त्या मालिकेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मुलीचं लग्न जमत असेल तर आई पेपरसुद्धा फोडेल. मी म्हटलं, शेवट नीट कर आणि सगळ्यांची नावं पाठ कर. त्यानं ते लिहून घेतलं असावं, कारण पलीकडून कागदाची सळसळ ऐकू आली.

आता मुलगी दाखवायची आणि पोहे नाहीत, हे मला काही पटेना. थिएटरात बाहेरचं खाणं चालत नाही, असं यांनी बजावलं. म्हणून मी डबा टॉवेलात गुंडाळला, वर शाल ठेवली आणि हँडबॅगेत घातला. रांगेत हिरव्या केसांची पोरं होती, एकीनं पाठीला पुठ्ठ्याचे पंख लावले होते. माझ्या काठपदराच्या साडीकडे बघून ती म्हणाली, तुमचा कॉस्च्यूम छान आहे. मुलगा मात्र इंटरव्ह्यूचा सूट घालून आला होता. मीच त्याला मुलीच्या आणि माझ्या मधे बसवला. मुलीच्या पलीकडे हे बसले.

दिवे गेल्यावर मुलगा माझ्या कानाशी वाकून मागचं कथानक सांगायला लागला. मालिकेत पृथ्वीची वाट लागलेली असते. उरलीसुरली माणसं एका अवाढव्य यानात राहतात. एक मुलगी एका लोखंडी राक्षसाच्या छातीत बसून शत्रूशी लढते आणि शेवटी सगळ्यांना वाचवून अंतराळात एकटीच निघून जाते. सिनेमात ती कितीतरी वर्षांनी परत येते. त्यानं हे सगळं मुद्देसूद सांगितलं, उपमुद्द्यांसकट. पृथ्वी बुडाली तरी पोरींच्या स्कर्टची उंची काही वाढली नव्हती, हे माझं मी टिपलं.

तासभर नुसती हाणामारी झाली. मी त्या आवाजात डब्याचं झाकण उघडलं आणि मुलाला पोहे दिले. फोडणीचा वास सुटला तसं पुढच्या रांगेतल्या हिरव्या केसांनी मागं वळून पाहिलं. त्यालाही कागदावर थोडे दिले, त्यानं लिंबूही मागितलं. तेवढ्यात पडद्यावर एक म्हातारा कप्तान आला आणि मुलगा ताडकन उठून म्हणाला, "हा तर शेवटच्या भागात मेला होता!" सगळं थिएटर हसलं. आमची मुलगीही हसली. तिचं ते खळखळून हसणं ऐकून मी मनातल्या मनात हॉल बुक केला.

मग ती लोखंडातली पोरगी यानातल्या आपल्या घरापाशी आली. दार तळहात टेकवला की उघडणारं. आता आत कुणी दुसरं राहत असेल, दार आपला हात ओळखणार नाही, म्हणून ती कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. शेवटी तिनं भीत भीत हात टेकवला आणि दार उघडलं. तिचं नाव आईनं दाराच्या नोंदीतून काढलंच नव्हतं. बाकी काही झालं नाही, आई पडद्यावर दिसलीसुद्धा नाही.

मला हुंदकाच आला. मी डब्याचा टॉवेल तोंडाला लावला. गेल्याच आठवड्यात मी मुलीच्या खोलीची मापं घेतली होती. लग्न ठरलं की तिथं देवघर हलवायचं आणि तिच्या डीव्हीडींचं खोकं माळ्यावर टाकायचं, असा माझा बेत होता.

सिनेमा सुटल्यावर बाहेर मुलीनं त्याला बरंच काही विचारलं. कोण कुणाचा भाऊ, कुठलं यान कधी फुटलं. त्याची उत्तरं तयार होती, एकही चुकलं नाही. मग ती म्हणाली, "आणि सीरिजमध्ये तुला रडू कुठे आलं?"

त्यानं जरा आठवून पाहिलं. "तसे भाग मी फास्ट फॉरवर्ड केले," तो म्हणाला. "त्यात स्टोरी पुढे जात नव्हती."

मुलगा खोटं बोलला नाही, हे मी आजही त्याच्या बाजूनं सांगते. मुलीनं त्याचे मनापासून आभार मानले, यांनी त्याला स्टेशनवर सोडलं. घोडं कुठं पेंड खातंय ते मला कळून चुकलं होतं.

गाडीत मी तोंड सोडलं. म्हटलं, रडूबाई नवरा हवाय का तुला? पोरानं तुझ्यासाठी एवढा अभ्यास केला, आता आकाशातून पडणार आहे का कुणी? मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, तू रडली. मी बघितलं."

"पोह्यात कांदा होता," मी म्हणाले.

"शिजवलेला होता."

ती पुढं वाकली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "दारापाशी ना? मी पण." आणि हे गाडी चालवता चालवता म्हणाले, "मीसुद्धा."

पुढच्या शनिवारी ती लेस्टरहून आली. माझ्यासाठी मालिका पहिल्या भागापासून लावली. मी सारखं विचारत होते, हा कोण, ही का चिडली, हिची आई कुठाय? दोघंही दर वेळी मालिका थांबवून नीट सांगायचे. सोफ्यावरची ती तिसरी जागा मी जावयासाठी राखून ठेवली होती. पाय वर घेऊन तिथं मीच बसले आणि देवघर आहे तिथंच राहिलं.