बाबांच्या गोळ्यांवरचं उलटं लेबल

आधीच सांगते — भुतंखेतं, कौल लावणं, अंगात येणं, यातलं मला काहीही पटत नाही. कोणी सांगायला लागलं की मी तोंडावर हसते. तेव्हा हे वाचून तुम्हीही खुशाल हसा.

आम्ही लोधिवलीला राहतो, चौकच्या जवळ, जुन्या हायवेला लागूनच. बाबा जन्मापासून आंधळे. मी घरी बसून अंध मुलांची पुस्तकं ब्रेलमध्ये करते. कम्प्युटरमध्ये ब्रेलच्या प्रत्येक आकाराला युनिकोडचा स्वतःचा नंबर असतो. ठिपके टाइप केले की नंबर साठवला जातो, आणि ब्रेल प्रिंटर बरोब्बर तेच ठिपके कागदावर उठवतो. बाबांच्या औषधांची लेबलंही मीच छापते.

त्या दिवशी खोपोलीहून त्यांच्या हार्टच्या गोळ्यांची नवी बाटली आणली. ⠎⠅⠜⠸ — म्हणजे ‘सकाळ’ — टाइप केलं, छापलं, न बघताच चिकटवलं. नेहमीचंच काम.

सकाळी मी भाकऱ्या थापत होते.

“नंदे! हिकडं ये गं.”

पिठाच्या हातांनीच धावत गेले. बाबा पलंगावर बसलेले, एका तळहातावर गोळी, दुसऱ्या हाताचं बोट लेबलवर.

“ह्ये तू लिवलंस?”

“मग कोण लिहिणार? घ्या आधी गोळी, चहा निवतोय.”

“नाय. ह्ये तुज्या आयशीचं हाय.”

आई जाऊन दोन वर्षं झाली. ती डोळस, पण बाबांसाठी ब्रेलच्या पाटीत कागद अडकवून टोचणीनं लिहायला शिकली होती. ठिपके पलीकडच्या बाजूला उठतात, म्हणून कागदाच्या मागून, उजवीकडून डावीकडे टोचावं लागतं. तिला ते शेवटपर्यंत जमलं नाही. ती सरळच टोचायची, आणि कागद पलटला की सगळं आरशातल्यासारखं उलटं! बाबा चिडवायचे तिला... पण उलटं वाचायला शिकले.

“काय लिहिलंय?” मी विचारलं.

“‘नको’ लिवलंय.”

मी बाटली हिसकावली, जुन्या बाटलीशी नाव ताडून पाहिलं... आईशप्पथ! मेडिकलवाल्यानं भलतीच गोळी दिली होती. झाकण तेच, रंग तोच. लगेच डॉक्टरांना फोन लावला. “घेतली नाही ना? त्यांची नाडी आधीच मंद आहे... ही घेतली असती तर परत उठले नसते.”

मग फाइल उघडली. ⠪⠨⠫. उलटं ‘नको’! प्रिंटर बिघडला म्हणावं, तर फाइलमध्येच तसं. आकार उलटा झाला की नंबरही दुसरा. तो कुणीतरी टाइप केल्याशिवाय येत नाही. घरात आम्ही दोघंच, आणि बाबा कम्प्युटरला हात लावत नाहीत. ओळखीच्या इंजिनिअरांना विचारलं — व्हायरस, फॉन्ट, काहीबाही बोलले. पण ‘सकाळ’चं ‘नको’ कसं झालं, हे एकालाही सांगता आलं नाही. मलाही नाही.

त्या सकाळी मी स्क्रीनसमोर बसून रडत होते. बाबा मात्र लेबलवरून परत परत बोट फिरवत होते. एकदम हसले.

“मेली तरी सरळ लिवायला काय शिकली नाय गं,” म्हणाले, आणि मग तेही रडायला लागले.