दिवस आहे अजून

सकाळी रिसोडहून काकूचा फोन आला तेव्हा मी वाशीमच्या आमच्या स्वयंपाकघरात इन्सुलिनचं पेन हातात धरून उभी होते. कुकरची शिट्टी व्हायची होती, ऊन खिडकीतून आत यायचं होतं. "आबाजी गेले वं... झोपीतच गेले," काकू म्हणाली. आबाजी म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. मी घरी गेले की उंबरठ्यातच त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "सुई घेतली काय?" कशी आहेस, कधी आलीस, हे सगळं त्यानंतर. म्हणून त्या सकाळीही मी आधी सुई घेतली, डोळे पुसत पुसत पोळी खाल्ली आणि मग रिसोडची एसटी धरली. आजोबा गेल्याची बातमी ऐकून पोळी खात बसलेल्या नातीला कुणीही नावं ठेवली असती. आबाजींनी तेवढी ठेवली नसती.

आता काही आठवडे झालेत, आणि मला ते स्वप्नात दिसतात ते नेहमी संध्याकाळचेच. रिसोडच्या बाजारात आमचं किराणा दुकान, मागे घर. दुकानात गुळाच्या भेलींचा, धण्याचा आणि नव्या बारदान्याचा एकत्र वास. आबाजी पांढऱ्या सदऱ्यात गल्ल्याशी बसलेले. ऊन समोरच्या भिंतीवरून वर सरकायला लागलं की ते उठायचे, हातपाय धुवायचे आणि जेवायला बसायचे. आम्ही जैन, पण सूर्यास्तानंतर तोंडात काही न घालण्याचा नेम जो त्यांनी पाळला तो आमच्यापैकी कुणालाच जमला नाही. दिवस मावळला की पाणीसुद्धा नाही. त्यांना चाळिशीतच साखर निघाली होती. आमच्याकडे मधुमेहाला साखर किंवा शुगर एवढंच म्हणतात, त्यात प्रकारबिकार नसतात. डॉक्टरांनी गोळी दिली, गोड सोडायला सांगितलं. आबाजींनी सोडलं म्हणजे सोडलंच. दिवसभर साखरेची पोती आणि गुळाच्या भेली विकायच्या आणि स्वतः फिका चहा प्यायचा. पहाटे मंदिरात पायी जायचं, तिथून गावाबाहेर लांबवर चालून यायचं. पोट उतरलं, साखर उतरली, डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली. आबाजींना त्याचा भारी अभिमान होता. ओट्यावर टेकणाऱ्या प्रत्येकाला ते हे ऐकवत, आणि ऐकणाऱ्याला त्या दिवशी निदान पेढा तरी घशाखाली उतरत नसे.

मी नऊ-दहा वर्षांची असताना मला तहान लागायला लागली. शाळेतून आले की मी माठाशीच बसायचे. खायचे खूप आणि तरी फ्रॉक ढगळ होत चालले होते. आईने वाशीमला डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासलं आणि घरी परत आलो ते इंजेक्शनं घेऊनच. तेव्हा विजेचा भरवसा नव्हता, म्हणून आईने एका छोट्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात इन्सुलिनची बाटली ठेवली. आबाजींनी पहिला प्रश्न केला, "हे कायापासून बनवते?" पूर्वी ते जनावरांपासून काढत, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. आताचं तसं नाही, प्रयोगशाळेत तयार होतं, असं कळल्यावर त्यांनी मान हलवली. पण सुई टोचताना त्यांना बघवायचं नाही. ते भिंतीकडे तोंड करून णमोकार म्हणायचे. मला वाटायचं इंजेक्शनबरोबर मंत्र असतोच.

मनातून मात्र त्यांना ही सुई पटलेली नव्हती. "साखर म्हंजे साखर," ते आईला सांगायचे, "माही उतरली, पोरीची बी उतरन. काहून टोचून राह्यल्या लेकराले?" मला बोट धरून ते पहाटे चालायला न्यायचे. धुकं असायचं, तुरीच्या ओळी त्यात अर्ध्या बुडालेल्या असायच्या, आणि मला वाटायचं आपण चालत चालत त्या आजाराच्या बाहेर निघून जाणार आहोत... ते चालणं अजून माझ्या पायांत आहे. दोष त्यांचा नव्हता. त्यांनी स्वतःच्या अंगावर जे खरं करून पाहिलं होतं, तेच ते मला देत होते.

मग पर्युषण आलं. अनंत चतुर्दशीचा उपवास आमच्या घरात लहानथोर सगळेच करत. मीही हट्ट धरला. आईने विचारलं, मग इंजेक्शनचं काय करायचं? आणि आबाजींनी जे उत्तर दिलं ते आमच्या घरात कुणालाही अगदी बरोबर वाटलं असतं. "पोटात कायीच जानार नाई, तं साखर चढन कायची? आज अंगालेबी उपवास, सुईलेबी उपवास." आईचा हात मडक्यापर्यंत गेला होता, तो तिने मागे घेतला. सासऱ्यांचा शब्द होता, आणि शब्दात तर्कही होता. मंदिरात मी दिवसभर त्यांच्या शेजारी बसले. अभिषेकाच्या पाण्याचा आवाज, चंदनाचा वास, आणि आबाजींचा हात माझ्या पाठीवर. इतकं कौतुक मला कधीच मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पारण्याचं काही पोटात टिकेना. उपवासाचं पित्त म्हणाले सगळे. दुपारी मी खोल खोल श्वास घ्यायला लागले, माझ्या तोंडाला पिकलेल्या फळांसारखा वास यायला लागला आणि हाका ऐकू येत असूनही ओ देता येईना. मला त्यातलं फार थोडं आठवतं. जीपचं छत, त्याला लटकलेलं एक लाल गोंड्याचं तोरण, आणि आबाजींची मांडी. त्या प्रवासात ते णमोकार म्हणत नव्हते. नुसतं "बेटा... बेटा..." एवढंच म्हणत होते.

मी वाचले. शुद्धीवर आल्यावर खाटेजवळ डॉक्टर आबाजींना समजावत होते ते मला पडद्याआडून आल्यासारखं ऐकू आलं. पुढे आईने ते इतक्यांदा सांगितलं की आता माझं ऐकलेलं कुठलं आणि आईने सांगितलेलं कुठलं, मला वेगळं करता येत नाही. डॉक्टर रागावले नव्हते. म्हणाले, "आजोबा, तुमच्या अंगात इन्सुलिन बनतं, पण अंग त्याचं नीट ऐकत नाही. तुम्ही चाललात, वजन उतरलं, अंग ऐकायला लागलं. हिच्या अंगात ते बनतच नाही. ते बनवणारी जागाच अंगानं स्वतः मोडून टाकलीय. बोलणाराच नाही, तर अंग ऐकेल कुणाचं?" आबाजी म्हणाले, "पन तिनं तं कायी खाल्लंच नोतं." तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, की माणूस जेवला नाही तरी यकृत रक्तात साखर सोडतच असतं, आणि ती वापरायला इन्सुलिन नसलं की अंग चरबी जाळत सुटतं, त्याचं विष होतं. उपवास असो, ताप असो, मात्रा कमी-जास्त होईल, पण हिची सुई एकही दिवस बंद करायची नाही. "तुमची गोळी आणि हिची सुई, ही एकाच रोगाची लहानमोठी औषधं नाहीत," असं म्हणून ते पुढच्या खाटेकडे गेले.  आबाजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. उघड्या डोक्याचे आबाजी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

माफी वगैरे आमच्या घरात कुणी मागत नसे. घरी परतल्यावर आबाजींनी एवढंच केलं, की आपली लवंग-वेलचीची पितळी डबी रिकामी केली, धुतली, आणि दुकानातल्या बरणीतली बारीक खडीसाखर तीत भरली. इन्सुलिन जास्त पडलं, खाणं कमी पडलं, की साखर एकदम उतरते, तेव्हा ताबडतोब गोड द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. साखर, ग्लुकोज, मध काहीही चालेल, म्हणाले होते. मध आम्हाला वर्ज्य. म्हणून खडीसाखर. ती डबी त्यांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात गेली आणि तिथेच राहिली. लग्नात, मंदिरात, शेलूबाजारला पाहुण्यांकडे जाताना, मी सोबत असो वा नसो, ती खिशात खुळखुळायची. ज्याने स्वतः साखरेचा कण जिभेवर ठेवला नाही तो माणूस साखर खिशात घेऊन फिरायचा. आणि ओट्यावरची भाषणंही बदलली. एक लांबची आत्या म्हणाली, "एवढुशा पोरीले शुगर? गोड लय खाल्लं असन." आबाजी तिच्यावर असे कडाडले की तिने चहाचा कप खाली ठेवला. "गोडानं नाई झाली! कोनाच्या करनीनं नाई झाली! इची साखर येगळी, माही येगळी. तुले समजत नसन तं माह्यापाशी बस, मी सांगतो." आणि खरंच बसवून सांगितलं.

त्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ. मी अंगणात लंगडी खेळत होते, अंधारून आलं होतं, आणि अचानक माझे हात थरथरायला लागले, कपाळावर घाम. आई साखरपाणी घेऊन धावली. मी तोंड घट्ट मिटलं. दिवस मावळला होता, आणि मला आबाजींसारखं व्हायचं होतं. उपवासात सुई सोडून मी मरता मरता वाचले होते, तरी नेमाची ओढ माझ्या अंगातून गेली नव्हती. आई रडकुंडीला आली. तेव्हा आबाजी ओट्यावरून उतरले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि डबी उघडली. मी म्हटलं, "दिवस मावळला, आबाजी." ते म्हणाले, "कोन म्हनलं? तो पाय तिकडं उजेड. दिवस हाय अजून. खाय." मी पाहिलं. तो रस्त्यावरचा दिवा होता, नुकताच लागलेला, भोवती पाखरं. तो दिवा आहे हे मला कळत होतं आणि त्यांना कळतंय हेही मला कळत होतं. मापात कधी चिमूटभरही खोटं न केलेला माणूस माझ्यासमोर उघड उघड खोटं बोलत होता. मी तोंड उघडलं.

पुढे शिकले, वाशीमला शाळेत भूगोल शिकवायला लागले, मडक्याच्या जागी फ्रिज आणि सिरिंजच्या जागी पेन आलं. आबाजी ऐंशीच्या पुढे गेले आणि त्यांच्या गोळ्या पुरेनाशा झाल्या. डॉक्टरांनी त्यांनाही इन्सुलिन सुरू केलं. मला वाटलं ते खचतील. तर गडी खूश! "आता मी तुह्या पंगतीत आलो," म्हणाले. मी समजावलं, "नाही आबाजी, सुई लागली म्हणजे प्रकार बदलत नाही. इतकी वर्षं काम करून तुमच्या अंगाचं इन्सुलिन आता कमी पडायला लागलंय, पण तुमचा प्रकार तुमचाच राहिला." त्यांचा चेहरा एवढासा झाला. मग म्हणाले, "बरं, पंगत येगळी. पन ताट तं सारखं हाय ना?" पहिली सुई मीच त्यांना टोचली. सवयीने त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि णमोकार मी म्हटला.

शेवटची भेट त्यानंतर काही महिन्यांची. मी रिसोडला गेले होते. संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते, दुपारी जेवण जेमतेमच झालं होतं आणि दिवस असतानाच घेतलेलं रात्रीचं जेवणही त्यांनी अर्ध्यावरच सोडलं होतं. अंधार पडता पडता ते बोलायचे थांबले. सदरा घामाने पाठीला चिकटला होता, बोटं थरथरत होती. मी बोटातून रक्ताचा थेंब काढून यंत्रावर पाहिलं. साखर खूप खाली गेली होती. काकू ग्लुकोजचं पाणी घेऊन आली. त्यांनी ओठ मिटले आणि हाताने पेला बाजूला सारला. "दिवस... मावळला, बेटा." इतकी वर्षं सांभाळलेला नेम, आणि समोर मी. जबरदस्ती करून नेम मोडवणं मला जमलं नसतं, आणि बसून पाहणं तर मुळीच नाही. मी त्यांच्या डाव्या खिशात हात घातला. डबी होती. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले, झाकण उघडलं आणि म्हटलं, "कोण म्हणलं? ते पाहा तिकडं उजेड. दिवस आहे अजून. खा."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. आता तिथे पांढऱ्या प्रकाशाचा नवा दिवा आहे. बराच वेळ ते त्या दिव्याकडे पाहत राहिले... मग माझ्याकडे. आणि हसले, अगदी चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे. तोंड उघडलं. मी खडीसाखर दिली, मग ग्लुकोजचं पाणी. ते हळूहळू चावत होते, रंग परत येत होता. जरा वेळाने म्हणाले, "एवढं गोड राह्यते काय वं हे? आन तवा तू तोंड मिटून घेतलं होतं!" आम्ही तिघंही हसलो. काकूला आमचं बोलणं पूर्ण कळलं नाही, पण तीही हसली.

दुसऱ्या दिवशी निघताना मी डॉक्टरांशी बोलून त्यांची मात्रा कमी करून घेतली. नंतर फोनवर ते ठणठणीत वाटत होते, आणि मग ती सकाळ आली. सुतकाचे दिवस संपल्यावर काकूने मला त्यांची डबी दिली. मला वाटलं होतं, त्या संध्याकाळनंतर ती अर्धी रिकामी असेल. उघडली तर काठोकाठ भरलेली. आपल्या तोंडात गेली तेवढी त्यांनी दुकानातून पुन्हा भरून ठेवली होती. माझी होती ना ती.

आता डबी माझ्या पर्समध्ये असते. परवा शाळेतून घरी येताना उशीर झाला, दुपारचा डबा अर्धाच खाल्ला होता, आणि बसस्टँडच्या बाकावर माझे हात थरथरायला लागले. आकाशात तांबडं काही उरलं नव्हतं. भूगोलाच्या बाईला सूर्यास्त झाला की नाही हे काय विचारायचं! तरी डबी उघडून मी थांबले. थांबलेच. समोर रस्त्यावरचा दिवा लागला, भोवती पाखरं जमली. आबाजी, आहे हो, दिवस आहे अजून... मी खाल्ली.