रावबहादुरांच्या दिव्याला सुटलेला घाम

माणसाच्या डोळ्यांना न दिसणारं सत्य कधी कधी काचेला दिसतं, असं जुनी माणसं म्हणतात. मी गिरगावातल्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. काचेला काहीही दिसत नाही. करणी, नजर, पिशाच यांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही... तरी घडलं ते लिहितो.

आमचे घरमालक दाजीसाहेब यांनी लिलावात एक जुनी व्हिक्टोरिया घोडागाडी घेतली. सेक्रेटरिएटमधल्या कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं होतं की, रावबहादुरकी ठरल्यातच जमा आहे. सरकारी गॅझेटात किताबांची यादी अजून यायची होती. पण तेवढा धीर कुणाला? गाडीच्या डाव्या दिव्याच्या काचेवर त्यांनी सोनेरी अक्षरं काढून घेतली. वरच्या ओळीत ‘रावबहादूर’, खालच्या ओळीत नाव. डाव्याच दिव्यावर, कारण गाडी थांबली की यजमानाच्या बंगल्याच्या पायऱ्या त्या बाजूला येतात.

दसऱ्यानंतर त्या काचेवर आतून दमट वाफ धरू लागली. मेणबत्ती पेटली की थोड्या वेळात अक्षरं गडप. दाजीसाहेबांनी निदान केलं – गाडीचा आधीचा मालक गाडीतच वारला, त्याचाच हा श्वास. मात्र शिक्षा त्यांनी जिवंत माणसाला ठोठावली. परळला एका गिरणीवाल्याच्या बंगल्यावर पानसुपारी होती. त्या संध्याकाळी काच धुरकट दिसली, तर कोचमन गंगारामनं आपल्या गावाची, सावंतवाडीची वाट धरायची. अकरा वर्षांची त्याची चाकरी.

“भूत असो नाहीतर देव असो,” दाजीसाहेब मला म्हणाले, “काच पुसणं गंगारामचं काम.”

गंगाराम माझ्याकडे आला. “मास्तरानू, मी रोज पुसतंय. पण पानी भायरसून नाय, आतसून येता.”

दिवा उतरवून पाहिला. दसऱ्याला गाडीची पूजा झाली, तेव्हा हळदकुंकवावर भागलं नव्हतं. रावबहादुरांच्या गाडीला शोभेल म्हणून दोन्ही दिव्यांच्या टोपणांना तेलातला शेंदूर बोटभर थापला होता. त्यात हवेची भोकं बुजली. मेणबत्तीच्या ज्योतीतून निघणारी वाफ जाणार कुठे? गार काचेवर बसणार. उजव्या दिव्यालाही घाम येतच होता. त्यावर नाव नसल्यामुळे कुणाचं लक्ष नव्हतं.

शेंदूर खरवडला, सुईनं भोकं मोकळी केली, दिवे दिवसभर उन्हात ठेवले. ओल शोषायला आत कळीच्या चुन्याची पुरचुंडी ठेवली. तासभर मेणबत्त्या जाळून पाहिल्या. दोन्ही काचा कोरड्या ठणठणीत. गंगारामनं माझ्या पायांना हात लावला. मी त्याला संघनन समजावलं. त्यानं ते भक्तिभावानं ऐकलं.

पानसुपारीच्या संध्याकाळी मी त्याच्याशेजारी बसलो. दाजीसाहेब मागे, पागोट्याला धक्का लागू नये म्हणून मान ताठ. लालबागपर्यंत सगळं ठीक. तिथं गंगारामनं मला कोपरानं ढोसलं आणि चाबकानं दिव्याकडे दाखवलं.

डाव्या काचेचा वरचा अर्धा भाग धुरकटला होता. दोन ओळींच्या मधोमध पट्टीनं आखल्यासारखी सरळ रेघ. खाली काच स्वच्छ. वास्तविक वरचा भाग ज्योतीनं जास्त तापतो, तो आधी सुकायला हवा. मी गाडी थांबवून दिवा उघडला. भोकं मोकळी, चुना कोरडा. आतून रुमालानं पुसलं... दार लावेपर्यंत धुकं पुन्हा तेवढ्याच जागी. उजवा दिवा लखलखीत.

परळला यजमान पायऱ्या उतरून आले. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, दिसलं तेवढं वाचलं आणि मोठ्यानं म्हणाले, “या दाजी, या.”

परतताना दाजीसाहेब एवढंच बोलले, “गंगाराम, उद्या तबेल्याच्या किल्ल्या दे.” मी भोकं, चुना, ज्योत सगळं सांगू लागलो. त्यांनी डोळे मिटून घेतले.

सकाळी गंगारामनं वळकटी बांधली. किल्ल्या घेऊन तो वर गेला, तेव्हा दाजीसाहेबांच्या पुढ्यात गॅझेट उघडं होतं. त्यांनी ते दोनदा वरून खाली आणि एकदा खालून वर वाचलं होतं.

ती सरळ रेघ कशी पडली, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. कॉलेजातल्या एका प्रोफेसरांना विचारलं. त्यांनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली.

गंगाराम अजून दाजीसाहेबांकडेच आहे. दिव्यावरची ‘रावबहादूर’ ही ओळ खरवडायला बाहेरचा माणूस बोलावणं त्यांना बरं वाटलं नाही.